उजवीकडची टाचणी

‘प्रेमळ’ हा शब्द नोटिशीच्या दुसऱ्या पानावर होता. साहेबांनी नोटीस तिच्या टेबलावर ठेवली, ‘एवढं वाचून घ्या ताई, उद्या अकराला सुनावणी आहे,’ असं म्हणाले आणि निघून गेले. कारखान्यात त्यांना पाठीमागे सगळे ‘इस्त्री’ म्हणत. माणूस बसला काय, उठला काय, शर्टाला चुणी म्हणून पडायची नाही. तिने चष्मा लावला. पंप बनवणाऱ्या या कारखान्यात चाचणी विभागातल्या जागेसाठी आलेल्या एका बाईने कामगार खात्याकडे तक्रार केली होती. प्रात्यक्षिकात सगळ्यांत पुढे असूनही तिला घेतलं नव्हतं, आणि तिच्या मते त्याचं कारण तिचं तान्हं मूल होतं. नोकरी देताना लग्न, मूल, गरोदरपण यांवरून भेदभाव करायचा नाही, त्याबद्दल विचारायचंसुद्धा नाही, हा कायदा होऊन नऊ वर्षं झाली होती. ‘मुलाखतीच्या खोलीत मला असा एकही प्रश्न विचारला नाही,’ बाईने सरळ लिहिलं होतं. ‘मुलाबद्दल मी फक्त बाहेर बसलेल्या वयस्कर बाईंशी बोलले. त्या प्रेमळ होत्या. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही.’ त्या बाईने शिव्या घातल्या असत्या तर ताईने त्या मुकाट्याने पचवल्या असत्या. सव्वीस वर्षं लोकांच्या तोंडाशी बसलेल्या बाईला शिव्यांचं काय? पण हा शब्द घशात मासळीच्या काट्यासारखा बसला. ती पाणी प्यायली, खुर्ची पुढे घेतली, मागे घेतली, आणि पुन्हा त्याच ओळीवर आली.

तिचं टेबल पॅसेजच्या टोकाला, मुलाखतीच्या खोलीच्या दाराशी. अकराची मुलाखत असली की पुरुष उमेदवारांना पावणेअकराला बोलवायचं आणि बायकांना साडेदहाला. असं का, हे कुणी कधी विचारलं नाही. बाई यायची. ओठ कोरडे, फाइल पोटाशी धरलेली, चपलेचा आवाज होऊ नये म्हणून जपून पावलं टाकत. ताई पाणी पुढे करायची. लांबून आलात का, पत्ता लगेच सापडला का, असं दोन-चार इकडचं तिकडचं झालं की सहज म्हणायची, ‘घरी कोण कोण असतं?’ या प्रश्नाचा राग येणारं माणूस तिने आजवर पाहिलं नव्हतं. घाबरलेल्या जिवाला घरचं विचारलं की तो सैलावतो. बायका भडाभडा बोलत. सासू कशी आहे, नवरा कुठल्या पाळीला जातो, धाकटं रात्री किती वेळा उठतं. ती मान हलवत ऐकायची आणि ऐकता ऐकता अर्जाचे कागद जुळवून टाचणी लावायची. टाचणी डाव्या कोपऱ्यात म्हणजे बाई मोकळी. उजव्या कोपऱ्यात म्हणजे पदरात लहान मूल. दोन टाचण्या म्हणजे दिवस गेलेले, किंवा लवकरच जाणार असा रंग. कागद आत जायचे. आत भिंतीवर ‘हे प्रश्न विचारू नयेत’ अशी यादी चौकटीत लावलेली होती, आणि तिच्याखाली बसलेले तिघेजण त्यातला एकही प्रश्न विचारत नसत. विचारायची गरजच काय? कायद्याचं पोट भरलेलं आणि सगळे नामानिराळे.

ही युक्ती तिचीच. यादी टांगली त्याच आठवड्यात जुन्या साहेबांनी तिला आत बोलावून समोर बसवलं होतं. ‘ताई, कायदा या खोलीपुरता आहे. बाहेर तुम्ही माणुसकीने दोन शब्द बोललात तर कोण काय म्हणणार? फक्त लिहून काही देऊ नका.’ ती टेबलाशी परत आली, हातात टाचण्यांची डबी होती, आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. साहेब खूश झाले. ‘डोकं आहे ताई तुम्हाला.’ त्या दिवशी घरी जाताना तिला खरोखर आनंद झाला होता, आणि आज नोटिशीवर कोपर टेकून बसल्यावर तिला त्या दिवसाचं बाकी काही आठवेना, तेवढा आनंद मात्र स्वच्छ आठवला. कुणी तरी आपल्याला शहाणं म्हटलं, याचा. जुने साहेब निवृत्त झाले, इस्त्री आले. त्यांना टाचण्यांचा अर्थ कुणी सांगितला, केव्हा सांगितला, तिला ठाऊक नाही. चार वर्षांत त्यांनी त्यावर एक अक्षर काढलं नव्हतं. अर्ज हातात घेत, कोपऱ्याकडे बघत, आणि सगळ्यांशी सारख्याच अदबीने बोलत.

ती पंपवाली तिला चांगली आठवत होती. मनातल्या मनात तिने तिचं नाव पंपवाली ठेवलं होतं. सावळी, बुटकी, हाताची नखं बारीक कापलेली. पाणी एका दमात पिऊन म्हणाली होती, ‘आठ महिन्यांचा आहे माझा. शेजारणीकडे ठेवलाय. एक वाजेपर्यंत पोचलं पाहिजे हो, नाहीतर तो घर डोक्यावर घेतो.’ आणि बोलता बोलता एकदम गप्प झाली, कारण तिचा कुर्ता छातीशी ओला झाला होता. ताईने तिला काही विचारलं नाही. आपल्या ड्रॉवरमधला धुतलेला नॅपकिन काढून दिला, मागच्या बाजूची, आतून कडी नीट लागणारी मोरी दाखवली, टेबलाशी परत आली, आणि ती पोरगी आल्यावर स्वतःची शाल तिच्या खांद्यावर टाकून म्हणाली, ‘असू दे, थंडीच आहे आत.’ यातलं काहीही खोटं नव्हतं. हाच तर काटा होता. त्या पोरीच्या जिवाची तिला खरीच काळजी वाटली होती, आणि ती मोरीत असताना ताईने तिच्या अर्जाला उजवीकडे टाचणी लावली होती. दोन्ही याच हातांनी. प्रेमळ होत्या म्हणे. होतेच की.

त्या दिवशी संध्याकाळी फोरमन चहाला थांबला होता तेव्हा त्यानेच सांगितलं. ‘काय पोरगी होती ताई. तीन पंप चालू करून दिले, बिघाड शोधा म्हटलं. बाकीचे मीटर घेऊन बसले. हिने लांब स्क्रूड्रायव्हर बेअरिंगवर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाली, याचं मागचं बेअरिंग गेलंय, महिन्याभरात बसेल. खोलून पाहिलं तर तेच. मला ते शिकायला सहा वर्षं लागली. ही उद्यापासून आपल्याकडे, बघा तुम्ही.’ ती उद्यापासून आलीच नाही. आला तो एक मुलगा, मीटर घेऊन बसणारा. फोरमनने दोन दिवस आदळआपट केली आणि मग आपल्या कामाला लागला. तिने तर तेवढंही केलं नाही.

नोटीस आली त्या दुपारी जेवणाची सुट्टी संपता संपता इस्त्रींनी तिला बोलावलं. आवाज नेहमीसारखाच, मऊ. ‘खात्याने नऊ वर्षांचे बायकांचे अर्ज मागवलेत. देऊ. आपल्या फायलीत वावगं असं काहीच नाही. तुम्ही फक्त त्या जरा एकसारख्या करा. जुन्या टाचण्या काढून टाका, भोकं पाडून दोरीत ओवा. गंजतात हो टाचण्या, बरं दिसत नाही.’ तिने मान हलवली. ‘आणि उद्या तुम्हाला विचारलंच, तर काय, सहज बोललात. बाई माणूस, बाई माणसाची विचारपूस करणारच. खरंच आहे ते.’ थोडं थांबून ते म्हणाले, ‘निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत ना तुमची? छान झालं सगळं.’ चार वर्षांत टाचण्यांबद्दल ते पहिल्यांदा बोलले, आणि तेही गंजाबद्दल.

रेकॉर्डच्या खोलीत एक टेबल, एक ट्यूबलाइट आणि लोखंडी कपाटं. दोनशे सोळा अर्ज निघाले. तिने पहिला ओढला, टाचणी काढली, बशीत टाकली. दुसरा. तिसरा. काढताना टाचणी कागदाला चिकटून येई आणि मागे तपकिरी ठिपका राही. नावं वाचायची नाहीत असं ठरवूनही डोळे वाचतच होते. ही जुळ्यांची आई, हसताना तोंडावर हात धरणारी. ही नवरा वारलेली; ‘मला काम लागेल तसं लावा, पाळी कुठलीही चालेल,’ असं तिलाच सांगत बसली होती, जणू नोकरी हीच देणार. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते तिने आयुष्यभर दुसऱ्यांबद्दल वापरलं होतं. आता दांड्याला स्वतःची लाकडाची जात कळत होती. अकराव्या अर्जावर तिचा हात थांबला. रकाना होता अपत्यांचा, जुन्या नमुन्यातला, कायद्यानंतर रद्द झालेला. कुणी तरी चुकून जुना कागद वापरला होता. आणि त्या रकान्यात त्या बाईने लिहिलं होतं, ‘नाही’. पण टाचणी उजवीकडे होती. म्हणजे कागदावर ती खोटं बोलली होती, आणि टेबलाशी बसलेल्या प्रेमळ बाईला तिने खरं सांगितलं होतं.

तिनेही लिहिलं होतं, ‘नाही’. सव्वीस वर्षांपूर्वी, याच इमारतीत, तेव्हा पिवळ्या असलेल्या भिंतीला पाठ लावून. नवरा जाऊन पाच महिने झाले होते, मुलगी चार वर्षांची. आधीच्या तीन ठिकाणी तिने खरं सांगितलं होतं आणि तिन्ही ठिकाणच्या माणसांनी हळहळ व्यक्त करून तिला दारापर्यंत पोचवलं होतं. चौथ्या ठिकाणी तिने रकान्यात दोन अक्षरं लिहिली आणि नोकरी लागली. मुलगी धाकट्या बहिणीची म्हणून सांगितली. शाळा कारखान्याच्याच रस्त्याला, तेव्हा पोरीला शिकवावं लागलं. ‘पिवळी भिंत दिसली की मी कोण?’ ‘मावशी.’ ‘आणि घरी?’ ‘आई.’ पोर हुशार. खेळच होता तो तिला. एकदा गेटसमोर, सुटीच्या वेळेला, सगळा कारखाना बाहेर पडत असताना, ती धावता धावता खडीवर पडली. गुडघा सोलवटून निघाला, पांढरं दिसायला लागलं. मूल लागल्यावर काय ओरडतं? दुसरं काही ओरडतच नाही. आणि त्या चार वर्षांच्या पोरीने तोंड उघडलं, श्वास अडकला, डोळे गरगरले, आणि ती ओरडली, ‘मावशी!’ तिने धावत जाऊन उचललं. भोवती फोरमन होता, जुने साहेब होते, कुणाला संशयही आला नाही. आणि त्या क्षणी तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. रक्ताने पदर भिजत होता आणि तिच्या मनात आलं होतं, वाचलो बाई. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. बहिणीलाही नाही. नंतर नोकरी कायम झाली, पण सेवापुस्तकात लिहिलेलं खोटं निघालं तर नोकरी जाते, असा नियम होता, म्हणून ते तसंच पुढे चाललं. पोरीच्या लग्नातही कारखान्यातली माणसं तिच्या भाचीला आहेर करून गेली.

तिने फोन लावला. मुलगी आता तीस वर्षांची, जमीनमोजणीच्या कामावर, उन्हातान्हात हिंडणारी. फोन उचलल्या उचलल्या नेहमीची चेष्टा, ‘बोल मावशी.’ कारखान्यातून फोन आला की ती असंच म्हणे. त्यात विनोद किती आणि बाकीचं किती, हे दोघींनी कधी तपासून पाहिलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं. टाचण्यांसकट. हे तिने आजवर घरीही सांगितलेलं नव्हतं. पलीकडे फोनमध्ये वारा घोंघावत होता.

‘म्हणजे तू बायकांना विचारायचीस, मूल आहे का,’ मुलगी म्हणाली. ‘तू.’

‘हो.’

‘आणि आता?’

‘टाचण्या तशाच ठेवून फायली द्यायच्या म्हणते. आणि वाचून दाखवायच्या. माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाहीत.’

‘ते तुझं सेवापुस्तक उघडतील आई. त्यात मी नाहीये.’

‘माहितीये.’

‘दोन वर्षं राहिलीत गं फक्त. गप्प बसलीस तर कोण तुला विचारणार आहे?’ मग ती स्वतःच थांबली. वाऱ्यात कुणी तरी तिला हाक मारत होतं, मोजणीची साखळी कुठे ठेवली म्हणून. तिने त्याला ओरडून उत्तर दिलं आणि पुन्हा फोनवर आली तेव्हा आवाज बदलला होता. ‘मी तुला हो म्हणणार नाही, आणि नाहीही म्हणणार नाही. एवढं मोठं तू ठरवायचं. फक्त मला वाचवायला म्हणून गप्प बसू नकोस. तसलं आता पुरे झालं.’

फोन ठेवल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. बशीत अकरा टाचण्या पडल्या होत्या. तिने एकेक उचलली आणि कागदावरचा तपकिरी ठिपका पाहून ज्याची त्याला परत लावली. डावी, उजवी, उजवी, दोन. लावताना एक बोटात घुसली. तिने बोट तोंडात घातलं आणि दुसऱ्या हाताने काम चालू ठेवलं. भीती वाटत नव्हती असं नाही. दोन वर्षांनी निवृत्त होताना हातात यायचं ते सगळं पणाला लागलं होतं. पण भीती आणि निश्चय एकाच घरात राहू शकतात, हे तिला या वयात नवीनच कळत होतं. साडेपाचला तिने गठ्ठे बांधले, वर खात्याचा पत्ता डकवला, आणि जावक लेखनिकाकडून स्वतःसमोर ते पाठवल्याची नोंद करून घेतली. बाहेर इस्त्री भेटले. ‘झालं काम?’ ‘फायली गेल्या साहेब.’ ‘छान.’ ती दोन पावलं पुढे गेली आणि वळली. ज्याच्याशी लढायचं त्याला आदल्या दिवशी सांगावं, एवढी रीत तिला पाळावीशी वाटली. ‘टाचण्या काढल्या नाहीत मी. उद्या त्या वाचणार आहे.’ इस्त्रींचा चेहरा हलला नाही. फक्त उजव्या हाताने त्यांनी शर्टाची बाही खाली ओढली, जिथे ओढण्यासारखं काही नव्हतं. ‘ताई, हात दाखवून अवलक्षण कशाला?’ ते हळूच म्हणाले. ‘आहेच ना साहेब अवलक्षण,’ ती म्हणाली, ‘मग दाखवलेलं बरं.’

सुनावणीची खोली तिला वाटली होती त्यापेक्षा बरीच लहान निघाली. एक लांब टेबल, अधिकारी बाई, बाजूला टंकलेखन करणारा लेखनिक, भिंतीशी खुर्च्या. एका टोकाला इस्त्री, दुसऱ्या टोकाला पंपवाली. मूल आणलेलं नव्हतं. अधिकारी बाईंनी विचारलं, ‘तुम्ही या उमेदवाराला तिच्या मुलाबद्दल विचारलं होतं?’

‘हो.’

‘सहज, बोलण्याच्या ओघात?’ असं कंपनीने लेखी कळवलं होतं, आणि अधिकारी बाई त्या कागदाकडे बघूनच विचारत होत्या.

‘नाही. ते माझं काम होतं.’

मग ती उठली, गठ्ठा सोडला आणि टाचण्या कशा वाचायच्या ते सांगितलं. डावी म्हणजे काय, उजवी म्हणजे काय, दोन म्हणजे काय. साडेदहाला का बोलवायचं. चौकटीतली यादी लागली त्या आठवड्यात काय घडलं. युक्ती कुणाची, हेही सांगितलं, ते गाळलं नाही. उजवी टाचणी असलेल्यांपैकी किती जणी कामावर आल्या, असं अधिकारी बाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘एकही नाही. हजेरीपट मागवून बघा.’ इस्त्री म्हणाले, की टाचणी कोणत्या कोपऱ्यात आहे हा निव्वळ योगायोग. अधिकारी बाईंनी गठ्ठ्यातून मधूनच पाच अर्ज उपसले, फक्त टाचणीचा कोपरा उघडा ठेवून बाकी कागद झाकला आणि तिच्यापुढे धरले. तिने पाचही सांगितले, कुणाच्या पदरात मूल आणि कोण मोकळी; अधिकारी बाईंनी ते त्या-त्या बाईकडून पडताळून घ्यायला टिपून ठेवलं. पंपवालीचा अर्ज शेवटचा निघाला. पंपवाली म्हणाली, ‘मी मोरीतून परत आले तेव्हा तुम्ही कागद नीट लावत होतात. मी तुम्हाला थँक यू म्हटलं होतं.’ आवाजात राग नव्हता, हिशेब लागल्यावर होतो तसा कोरडेपणा होता. माफ कर म्हणणं सोपं होतं, आणि त्या पोरीवर माफ करायचं आणखी एक काम टाकण्यासारखं होतं. ‘हो, म्हटलं होतंस,’ ती म्हणाली.

शेवटी लेखनिकाने जबाब छापून पुढे ठेवला. नाव, वय, हुद्दा, नोकरीची वर्षं, मग मजकूर. अधिकारी बाई म्हणाल्या, ‘वाचून सही करा. आणि एक सांगून ठेवते, साक्षीदाराविरुद्ध लोक जुनं-नवं काय वाट्टेल ते काढतात. तयारी ठेवा.’ तिने सगळं वाचलं. पेन हातात घेतलं, पण टेकवलं नाही.

‘यात एक घालायचं राहिलं. मला एक मुलगी आहे.’

इस्त्रींनी वर पाहिलं. लेखनिक घुटमळला. ‘बाई, तसा रकाना नाही आमच्याकडे. आम्ही ते कुणालाच विचारत नाही.’

‘तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून तर सांगते,’ ती म्हणाली. ‘खाली जागा आहे, तिथे लिहा. मुलगी एक, वय तीस. माझी.’

लेखनिकाने अधिकारी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तो लिहू लागला, आणि त्याचं लिहून होईपर्यंत ती टेबलाशी उभी राहिली.